तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्या घरी ट्रेलर उचलता तरी कसा?

गणपतीला आमच्या कॅनडातल्या विनिपेगच्या घरी येणारी मंडळी आरती झाली की मागच्या अंगणात डोकावतात आणि हमखास विचारतात, "हा डबा तुम्ही घरीच उचललात? क्रेन न आणता?" पुण्याहून आई तेच तिच्या भाषेत विचारते: "त्याच्या खाली कशाला शिरतेस गं?" आईचा प्रश्न जास्त बरोबर आहे.

डबा म्हणजे बोलर. 13 फुटी, फायबरग्लासचा, अंडाकृती कॅम्पर ट्रेलर. जन्म इथलाच, विनिपेगचा, 1968चा. रे ओलेको नावाच्या गृहस्थांनी त्याआधी फायबरग्लासची सेप्टिक टाकी तयार केली होती. त्याच तंत्राने झोपायची खोली का करू नये, असं त्यांच्या डोक्यात आलं. (हे मी जेवणं आटोपल्यावरच सांगते.) वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या साच्यांतून काढून मधोमध जोडलेला, त्यामुळे छताला सांधाच नाही. त्या काळचे लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकलेले कितीतरी ट्रेलर गळून गळून आतून कुजले. बोलरचं कवच टिकलं. खालची लोखंडी चौकट मात्र वर्षानुवर्षं ओल्या गवतावर उभी राहून गंजायची ती गंजतेच.

आमच्या बोलरची दोन दुखणी होती. पहिलं ॲक्सलचं, म्हणजे दोन्ही चाकं धरणाऱ्या आडव्या दांड्याचं. याला ट्रकसारखे पाटे नसतात. एका चौकोनी पोलादी नळीत दुसरी चौकोनी दांडी तिरकी बसवलेली असते आणि चारही कोपऱ्यांत रबराच्या जाड कांड्या ठासलेल्या असतात. खड्डा आला की दांडी नळीत फिरते, रबर दबतं आणि परत उसळतं. काही दशकांनी रबर उसळायचं सोडून देतं. मग चाक धरणारी आडवी भुजा वर चढते, टायर चाकावरच्या कमानीत घुसतो आणि ट्रेलर बसकण मारतो. हे रबर बदलता येत नाही, अख्खा ॲक्सल बदलावा लागतो. दुसरं दुखणं चौकटीला गेलेल्या भेगेचं: मोटारीला जोडायची पुढची ए आकाराची जीभ मुख्य चौकटीला मिळते तिथे.

आता उचलण्याचं. रिकामा बोलर साडेचारशे किलोच्या आसपास. मोटारीचा साधा जॅकसुद्धा त्याची एक बाजू सहज वर घेतो. त्यामुळे क्रेन हा मुद्दाच नाही. अवघड आहे ते उचललेलं वर टिकवणं.

या ट्रेलरला गिअर नाही, हँडब्रेक नाही. एका बाजूचं चाक जमिनीवरून सुटलं की तो उरलेल्या टेकूंभोवती फिरायला बघतो. म्हणून उचलताना तो मोटारीला जोडलेला ठेवायचा, मोटारीचा हँडब्रेक ओढायचा आणि दुसऱ्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून अडसर लावायचा. घाटात एसटी थांबली की कंडक्टर उडी मारून चाकामागे दगड सरकवायचा, त्यातलंच हे शहाणपण. जॅक लावायचा तो चौकटीला. ॲक्सलच्या नळीला लावला तर नळी वाकते आणि पुढे टायर वेडेवाकडे झिजत राहतात. आणि जॅकखाली जाड फळी हवीच. विनिपेगचा हिवाळा सगळ्यांना ठाऊक असतो, पण जुलैच्या उन्हात इथलं डांबर इतकं मऊ होतं की जॅक त्यात रुततो.

एवढं झालं तरी खाली जायचं नाही. हायड्रॉलिक जॅकमध्ये सगळं वजन तेलावर असतं आणि ते तेल अडवून धरतं एक छोटं सील. जॅक फक्त उचलण्यासाठी. धरायला लोखंडी स्टँड किंवा चांगले सहा-सहा इंची चौकोनी ओंडके, आडवे-उभे रचलेले. सिमेंटचे पोकळ ब्लॉक इथे अंगणोअंगणी पडलेले दिसतात. त्यांना हात लावायचा नाही. ते वाकत नाहीत, करकरत नाहीत, एकदम फुटतात.

शेजारच्या आजोबांचं सगळं आयुष्य शेतीची यंत्रं दुरुस्त करण्यात गेलं. ट्रेलर स्टँडवर बसला की ते खांदा लावून त्याला दणकून ढकलतात. पडायचा असेल तर कोणी खाली नसताना पडलेला बरा, हा त्यांचा हिशेब. मी आईला आजवर जेवढी आश्वासनं दिली असतील, त्यांत हा धक्का सर्वांत खरा.

भेगेसाठी कवच चौकटीवरून सोडवावं लागलं. बाकांखाली, प्लायवूडच्या जमिनीतून खाली गेलेले बोल्ट पान्याला दाद देईनात; बरेचसे ग्राइंडरने कापले. मग आतून दाराच्या चौकटीला तिरक्या पट्ट्या मारल्या, कारण खालचा आधार सुटला की कवच हळूच फाकतं आणि नंतर दार कधीच नीट लागत नाही. कवचाखाली दोन लांब तुळया सरकवल्या. एक कोपरा इंचभर वर, लगेच त्याखाली लाकूड. मग पुढचा कोपरा. कंटाळवाणं काम आहे, आणि ते कंटाळवाणंच राहावं.

भेग नुसती वेल्ड करून भागत नाही. आधी तिच्या टोकाला भोक पाडायचं, म्हणजे ताण एका टोकाशी न साचता भोकाच्या कडेने पसरतो आणि भेग पुढे सरकत नाही. मग भेग घासून खाच करायची, ती वेल्डने भरायची आणि वरून निमुळत्या टोकांची पट्टी जोडायची. सरळ कापलेली पट्टी लावली तर पुढची भेग बरोबर तिच्या कडेला जाते.

नवा ॲक्सल मापं देऊन बनवून घेतला. भुजा आडव्याच्या खाली साडेबावीस अंश झुकलेली मागितली, त्यामुळे ट्रेलर आपोआप उंच झाला आणि खडीच्या रस्त्यावर पोट घासायचं थांबलं. "उचलला" म्हणजे काय, याचा हा दुसरा अर्थ. हा ॲक्सल ब्रॅकेट आणि बोल्टने बसवला. नळीवर वेल्डिंग केलं तर आतलं रबर जळतं. बेअरिंगमध्ये ग्रीस मी तळहातावर घेऊन दाबून भरते. अंगठ्याने वरवर फासलेलं आत पोचत नाही. आणि चाकांचे नट बसवले म्हणजे संपलं नाही: पहिल्या 15, 40 आणि 80 किलोमीटरनंतर थांबून टॉर्कच्या पान्याने (नेमक्या मोजलेल्या जोराने आवळणाऱ्या) पुन्हा आवळायचे.

नवीन का घेतला नाही, असंही विचारता. नवे बहुतेक ट्रेलर ओढायला आधी मोठा ट्रक घ्यावा लागेल. हा आमच्या आहे त्या गाडीमागे रायडिंग माउंटन राष्ट्रीय उद्यानापर्यंत मुकाट येतो. शिवाय हे काम मला आवडतं.

"आमच्यासाठीही असा एक बघा" म्हणणाऱ्यांसाठी: पडदे, गाद्या, रंग नंतर बघा. आधी टायर आणि कमान यांच्यात हात शिरतो का बघा. मग एक बाजू चौकटीवरून उचलायला लावा. चाकाची भुजा खाली उतरली नाही तर रबर मेलंय, किमतीतून नव्या ॲक्सलचे पैसे वजा करा. मग पाठीवर झोपून टॉर्चने चौकट बघा, विशेषतः जिभेचा सांधा, आणि ताजा काळा रंग दिसला तर तिथे हातोडीने ठोका. विकणारा "खाली काय बघायचंय?" म्हणाला, तर पैसे खिशातच राहू द्या.