तुम्ही विचारलंत म्हणून: किडनी छापून कधी मिळणार?

बायोप्रिंटिंगच्या, म्हणजे जिवंत पेशी थरावर थर छापण्याच्या, लॅबमध्ये काम करते म्हटलं की लग्न असो, बारसं असो, प्रश्न एकच येतो. मग कुणीतरी फोनवर तो व्हिडिओ दाखवतं: टेड या भाषणांच्या कार्यक्रमाच्या मंचावर अमेरिकेतले सर्जन-संशोधक डॉ. अँथनी अताला आणि त्यांनी छापलेली गुलाबीसर किडनी. अहो, तो 2011चा आहे. ती किडनीच्या आकाराची होती, किडनीचं काम करणारी नव्हती. अतालांनी रुग्णांच्याच पेशींपासून मूत्राशय वाढवून सात जणांना बसवले, ते 2006मध्ये प्रसिद्ध झालं. ते काम खरंच थोर, पण ते मूत्राशय छापलेले नव्हते. साच्यावर हातांनी पेशी पेरल्या होत्या.

छापणं तुम्हाला येतंच, चकली केली असेल तर. पीठ सैल झालं की काटे येत नाहीत, घट्ट झालं की सोऱ्या दाबता दाबता हात भरून येतात. माझ्या पिठात जिवंत पेशी असतात. ते घट्ट झालं, दाब वाढवला, की सुईतून बाहेर पडेपर्यंत त्यातल्या कितीतरी मेलेल्या. अल्जिनेटची, म्हणजे समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या जेलची, रेघ कॅल्शियमच्या पाण्यात आळते, मग सगळं 37 अंशांवर, गुलाबी पोषक द्रवात. सकाळी इन्क्युबेटर उघडला की आधी रंग बघायचा. पिवळा आणि गढूळ दिसला, तर जंतू शिरले, आठवडा पाण्यात.

आणि हे सोपं काम. रक्तवाहिनीपासून दोन-तीन केसांच्या जाडीपलीकडे गेलेली पेशी उपाशी मरते. एका किडनीत सुमारे 10 लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या बारीक नळ्या, प्रत्येकाला रक्त पोचवायचं. 2019मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या गटाने फुफ्फुसातल्या वायुकोशासारखी रचना छापली, भोवती रक्त खेळवणाऱ्या नळ्यांसकट. प्रकाशाने जेल आळवताना नळ्या बुजू नयेत म्हणून त्यांनी जेलमध्ये काय घातलं? टार्ट्राझिन, खाण्याचा पिवळा रंग! मला हे फार आवडलं.

माझा मामा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. त्यानेही विचारलं. म्हटलं, "मामा, झेडटीसीसीच्या, त्या अवयव प्रत्यारोपण केंद्राच्या, यादीतलं नाव अजिबात काढू नकोस."

"म्हणजे माझ्या वेळेला नाही."

"नाही."

थोडा वेळ टीव्ही बघत बसला. मग म्हणाला, "आज काय छापलंस?"

"कूर्चेची चकती. रुपयाच्या नाण्याहून लहान."

"फोटो असेल की. दाखव."