बैल जिंकला की रेल?

कुर्डुवाडीच्या आमच्या शाळेचं गॅदरिंग म्हणजे एका मांडवात दोन गावं. एक रेल्वे कॉलनीचं, म्हणजे वर्कशॉपवाल्यांच्या आणि गार्ड-ड्रायव्हरांच्या पोरांचं. दुसरं मोडनिंबाकडून ‘बार्शी लाईट’ या छोट्या रेल्वेनं येणाऱ्यांचं, यांच्या दावणीला खिलार बैल, वाड्यात मेंढरं. एरवी बाकंसुद्धा वेगळी. डिसेंबरात तालमी सुरू झाल्या की मात्र सगळे एकमेकांच्या डब्यात हात घालायचे.

पडदा मालधक्क्यावरून मागून आणलेल्या ताडपत्रीचा. कार्यक्रमाची वेळ मुख्याध्यापक ठरवायचे, पण खरी ठरवायची ती परतीची गाडी. ती चुकली की अर्धं लेझीम पथक फलाटावर मुक्कामाला.

इतिहासाच्या सरांचं नाटुकलं दरवर्षी ठरलेलं: बैल श्रेष्ठ की रेल? मुंबई-मद्रास लोहमार्ग बार्शीला 21 मैलांवर ठेवून गेला, म्हणून तिथला कापूस बैलगाड्यांनी आमच्या स्टेशनवर यायचा. मग एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअर साहेबानं अडीच फुटी रूळ टाकले आणि 1897 मध्ये छोटी गाडी धावली. पुढे 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. या सनावळ्या आम्ही पुस्तकातून नाही, संवादांतून पाठ केल्या.

पुठ्ठ्याची हॅट घालून कॅल्थ्रॉप व्हायला कॉलनीत मारामारी. साहेब नंतर पॅराशूट बनवण्यात रमला आणि अरबी घोडेही पाळायचा, हे सर विंगेतून ओरडून सांगायचेच. घोडेवाला म्हटल्यावर गावाकडच्या पोरांचा त्याच्यावरचा राग जरा उतरायचा. त्यांची बाजू तशी भक्कमच होती. धनगरांच्या गजी नाचाचा ढोल वाजला आणि रंगीत रुमाल फिरू लागले की कॉलनीतल्या बायाही टाळ्या द्यायच्या.

एका वर्षी त्यांनी चक्क खराखुरा खोंड आणला; शिंगांना शेंब्या, झूल, घुंगरमाळ, सगळा थाट. नेमकी यार्डातल्या इंजिनानं लांबलचक शिट्टी मारली. पहिल्या रांगेतली मंडळी खुर्च्या सोडून पळाली. खोंड जागचा हलला नाही. रोज रुळाकडेला चरणारा तो, त्याला शिट्टीचं काय कौतुक!

नाटुकल्याचा निकाल प्रमुख पाहुण्यांनी द्यायचा असे. पाहुणे पंचायत समितीतले असले तर बैल जिंकायचा, रेल्वेतले साहेब असले तर रेल. त्यामुळे निमंत्रणपत्रिका छापून आली की आमच्यातल्या पैजा तिथंच मिटायच्या.