श्वास चालू आहे, पण किती जोरानं?

घरून फोन येतो तेव्हा आधी एक आकडा येतो. कुणाचे काका आयसीयूत आहेत, कुणाची आई व्हेंटिलेटरवर आहे, आणि प्रश्न एकच: 'सॅच्युरेशन ९६ आहे, म्हणजे बरं आहे ना?' मी कॅनडात रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे. व्हेंटिलेटर आणि त्याच्यावरचा पेशंट सांभाळणं हेच माझं रोजचं काम. म्हणून या आकड्याबद्दल आणि त्याच्यामागे जे दिसत नाही त्याबद्दल नीट लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सॅच्युरेशन सांगतं. तो तिथवर पोचवायला पेशंटला किती कष्ट पडताहेत, ते सांगत नाही. ९६ हा आकडा शांत झोपलेल्या माणसाचाही असतो आणि छाती भात्यासारखी चालवून थकत आलेल्या माणसाचाही. दोघांच्या पुढच्या बारा तासांत मात्र जमीनअस्मानाचा फरक असू शकतो.

म्हणून पलंगापाशी गेल्यावर मॉनिटरच्या आधी मी मान बघते. कानामागून गळ्याच्या हाडाकडे उतरणारा स्नायू दर श्वासाला ताठ होतोय का? गळ्याखालची खळगी आत ओढली जातेय का? नाकपुड्या फुलताहेत का? छाती वर येताना पोट आत जातंय का? मानेवर दोन बोटं अलगद ठेवली, की नजरेतून सुटलेला ताणही हाताला लागतो. पण तेवढ्यावर भागत नाही. अंगानं भरलेल्या पेशंटमध्ये हे धड दिसत नाही, आणि दोन अनुभवी माणसांचा अंदाजही वेगवेगळा निघतो. मोजावंच लागतं.

मोजायची एक पद्धत फार साधी आहे. उच्छ्वास संपता संपता व्हेंटिलेटरची वाट क्षणभर बंद करायची. पेशंट पुढचा श्वास ओढायला जातो, हवा येत नाही, आणि पडद्यावरची दाबाची रेघ खाली कोसळते. ती किती खाली गेली ते वाचायचं. त्याच्या साधारण पाऊण पट दाब श्वसनाच्या स्नायूंनी लावलेला असतो. टोरांटोतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये हे गणित मांडलं, आणि माझ्या कामात त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मला सापडलेलं नाही.

समजा, रेघ १८ सेंटीमीटर पाण्याइतकी (हे दाबाचं माप) खाली गेली. म्हणजे स्नायूंचा दाब साडेतेराच्या आसपास. निवांत बसलेल्या निरोगी माणसाचा सहसा ५ ते १० असतो. मशीन वरून १० चा दाब देतंय. पडदा बघणाऱ्याला तेवढे १० च दिसतात. पण पेशंट आतून ओढतोय तो हिस्सा (त्याच गणितात रेघेच्या दोन तृतीयांश, म्हणजे १२) धरला, तर दर श्वासाला फुप्फुसावर पडणारा ताण २२ च्या घरात जातो. त्या अभ्यासात १६-१७ च्या पुढचा ताण जास्त धरला होता.

असंच मोजून आम्ही एका पेशंटच्या गुंगीचं औषध वाढवलं, तेव्हा त्याची मुलगी रडवेली झाली. 'सकाळी ते स्वतः श्वास घेत होते, मग परत का झोपवलं?' तिचा प्रश्न अगदी रास्त होता. स्वतः श्वास घेणं ही सुधारणेची खूण आपण सगळेच मानतो, आणि बहुतेक वेळा ती असतेही. पण सुजलेल्या फुप्फुसात जोरानं ओढलेली हवा सगळीकडे सारखी जात नाही. काही भाग जास्त ताणले जातात, सूज वाढते, सूज वाढली की पेशंट आणखी जोरात ओढतो. या दुष्टचक्राकडे ब्रोशार्ड, स्लट्स्की आणि पेसेंटी या डॉक्टर-संशोधकांनी २०१७ मध्ये लक्ष वेधलं. मी तिला पडद्यावरची रेघ दाखवत हे सांगितलं. तिला पटायला वेळ लागला, आणि तो वेळ देणं हाही उपचाराचाच भाग आहे असं मी मानते.

मग सगळ्यांनाच गाढ झोपवून का ठेवत नाही? कारण न वापरलेलं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा मुख्य स्नायू, भयंकर वेगानं झिजतं. मेंदूमृत अवयवदात्यांवरचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. १८ ते ६९ तास श्वासपटल पूर्ण निष्क्रिय आणि श्वास व्हेंटिलेटरवर, एवढ्यात स्नायूतंतूंचा आडवा छेद निम्म्याहून कमी झालेला आढळला. म्हणजे तीन दिवसही नाहीत! पुढे व्हेंटिलेटर काढायची वेळ येते तेव्हा ही झीज आडवी येते.

त्यामुळे श्वासाचा जोर फार नको आणि अगदी शून्यही नको. यासाठी दुसरा एक आकडा मशीनवरच मिळतो, पी ०.१. बंद वाटेवर श्वास ओढताना पहिल्या ०.१ सेकंदात दाब किती उतरला, तो हा आकडा. इतक्या थोड्या वेळात वाट बंद असल्याचं पेशंटला कळतही नाही, म्हणून मेंदूकडून येणारी श्वासाची ओढ त्यात जशीच्या तशी उतरते. ही कल्पना १९७५ सालची आहे. ढोबळमानानं १ ते ४ च्या मध्ये असेल तर ठीक. ४ च्या वर ओढ जास्त, १ च्या खाली बहुधा गुंगी किंवा मशीनची मदत जास्त. नेमकी सीमा कुठे आखायची यावर अजून चर्चा चालू आहे.

जोर जास्त निघाला म्हणून लगेच औषधाकडे धावायचं नसतं. ताप आहे का, दुखतंय का, नळीत कफ अडकलाय का, रक्तात आम्ल वाढलंय का, लघवी तुंबलीय का, मशीन हवा पुरेशा वेगानं देतंय का, हे आधी बघायचं. कफ ओढून काढल्यावर १८ चा आकडा ९ वर आलेला मी पाहिला आहे.

तुमचं माणूस व्हेंटिलेटरवर असेल, तर डॉक्टरांना सॅच्युरेशनबरोबर हेही जरूर विचारा: श्वासाचा जोर मोजलाय का, आणि कालच्यापेक्षा आज कसा आहे? हे मोजायची सोय आजच्या बहुतेक व्हेंटिलेटरमध्ये असते, आणि त्याला मिनिटभरही लागत नाही.