मंदसौरचा तह आणि तुवालूचं कलम चार

मालदीववरचा राग आमच्या इंदुरात पण जोरदार होता. जानेवारी २०२४ मधे तिथल्या उपमंत्र्यांनी मोदींबद्दल काहीबाही लिहिलं आणि आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर लगेच सुरू, एवढासा देश आणि माज बघा, आपण फिरायला नाही गेलो तर खातील काय, वगैरे. उपमंत्र्यांचं चुकलंच, तिथल्या सरकारने त्यांना सस्पेंडही केलं. पण ते "एवढासा देश" मला तेव्हा खटकलं आणि आजही खटकतं, कारण दोन मोठ्यांच्या मधे सापडलेल्या छोट्या राज्याचं काय होतं हे इंदूरच्या मराठी माणसाला तरी वेगळं सांगायला लागू नये.

२१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकर इंग्रजांकडून हरले. गादीवर दुसरे मल्हारराव, अजून पोरवयातले. ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला, होळकरांकडून तात्या जोगांनी तो केला. सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, राजपुतान्यातले हक्क गेले, हे सगळेच सांगतात. मला मात्र त्यातलं वेगळंच कलम जास्त झोंबतं, की रेसिडेंटला, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या इथल्या अधिकाऱ्याला, कळवल्याशिवाय आणि त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या कुठल्या राज्यात वकील, म्हणजे राजदूत, पाठवायचा नाही की कुणाचा ठेवून घ्यायचा नाही. म्हणजे घर तुमचं, पण दार कुणाला उघडायचं ते आम्ही सांगणार. इंदुरात तो रेसिडेंट राहायचा त्या भागाला आपण अजून रेसिडेन्सीच म्हणतो, रोज तिथून गाड्या नेतो, पण हे फारसं कुणाच्या डोक्यात येत नाही.

आता पॅसिफिकमधे बघा. तुवालू, छोट्या बेटांचा देश, वस्ती साधारण ११ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. नोव्हेंबर २०२३ मधे त्यांनी ऑस्ट्रेलियाशी फालेपिली करार केला. दरवर्षी २८० तुवालूकरांना ऑस्ट्रेलियात जाऊन राहता येणार, कायमचं. शिवाय समुद्र कितीही वर आला तरी तुवालू हा देश म्हणून राहील हे ऑस्ट्रेलियाने लिहून दिलंय. आणि कलम चार असं की दुसऱ्या कुठल्याही देशाशी सुरक्षेबाबत काही ठरवायचं तर ते आधी ऑस्ट्रेलियाशी बोलून, त्यांच्या सहमतीने. यात पोलीस, बंदरं, टेलिकॉम, सगळं आलं. नाव न घेता रोख चीनवर आहे. मी हे वाचलं आणि मला थेट मंदसौरच आठवलं.

फरक आहे, मोठा आहे. इथे कुणी लढाई हरलेलं नाही, आणि करारातून बाहेर पडायची सोय पण आहे. तरी त्यांनी सही का केली हे समजून घ्यायचं तर त्यांच्या राजधानीची, फुनाफुतीची, जमीन बघावी लागते. अरुंद पट्टी, एका बाजूला महासागर, दुसऱ्या बाजूला लगून, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतलं उथळ पाणी, मधे विमानाची धावपट्टी, जिच्यावर संध्याकाळी पोरं खेळतात कारण दुसरं मोकळं मैदान कुठाय. मोठ्या भरतीला पाणी नुसतं किनाऱ्यावरून येत नाही, प्रवाळाची सच्छिद्र जमीन असल्याने खालून वर येतं, अंगणात. पुलाका म्हणून त्यांचा कंद आहे, आपल्या अळूच्याच कुळातला, तो खड्डे खणून गोड्या पाण्यात लावतात आणि त्या खड्ड्यांत आता खारं पाणी शिरतं. अशा ठिकाणी आईबाप म्हणून आपण काय केलं असतं? २०२५ मधे त्या २८० जागांसाठी पहिली सोडत निघाली तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त देशाने नावं नोंदवली. मला त्या कलमाचं वाईट वाटतं, पण सही करणाऱ्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही.

आणि मोठ्यांचं प्रेम कधी जागं होतं तेही बघा. सॉलोमन आयलंड्समधे, ग्वादलकनालवर, १९४२-४३ ला अमेरिका आणि जपान लढले, न फुटलेले बॉम्ब तिथे अजून सापडतात. तरी अमेरिकेने तिथल्या राजधानीतली, होनियारातली, एम्बसी १९९३ मधे बंद केली. २०१९ ला सॉलोमनने तैवानला सोडून चीनला मान्यता दिली, एप्रिल २०२२ मधे चीनशी सुरक्षा करार झाला, आणि फेब्रुवारी २०२३ मधे एम्बसी परत उघडली. तीस वर्षं कुणाला आठवण नव्हती. मग तेव्हाचे तिथले पंतप्रधान सोगावारे यांनी चीनचा हात धरला तर त्यांना विकले गेले म्हणायचं कोणत्या तोंडाने? (तो करार मला अजिबात आवडत नाही, जनतेला अधिकृत मजकूरसुद्धा दाखवला नाही, पण ते वेगळं.) मालदीवचंही तेच, तिथले राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू यांनी मे २०२४ पर्यंत तिथले भारतीय सैनिक परत पाठवले आणि ऑक्टोबरमधे दिल्लीत येऊन ४० कोटी डॉलर अन् ३,००० कोटी रुपयांची करन्सी स्वॅपची, म्हणजे आपलं चलन देऊन तात्पुरतं दुसरं चलन घ्यायची, सोय घेऊन गेले. ग्रुपवाल्यांना हा दुटप्पीपणा वाटला. मला तरी ते आपल्या माणसांसाठी दोन्ही दारं उघडी ठेवणं वाटतं, जे १८१८ नंतर होळकरांना करताच आलं नाही.

सध्या माझं लक्ष वानुआतूवर आहे, तोही पॅसिफिकमधलाच बेटांचा देश. सप्टेंबर २०२५ मधे ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अल्बानीझ तिथल्या राजधानीला, पोर्ट व्हिलाला, गेले, दोन्ही देशांतल्या नाकामल कराराची तयारी झालेली, दहा वर्षांत ५० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मिळणार होते. पण दुसऱ्या देशांकडून पायाभूत कामांना पैसा घेण्यावर बंधन येईल म्हणून वानुआतूच्या सरकारातल्याच लोकांनी हरकत घेतली आणि त्या भेटीत सही झाली नाही.