मूसिकच्या डोंगरावर खेळाडू भेटतात, टॅक्सी भेटत नाही

मायनर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवरच्या, बेसबॉल खेळाडूंना भेटण्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत, ही गोष्ट मी ९५ डॉलर मोजून शिकलो. एका मध्यस्थ विक्रेत्याने ‘खेळाडूंशी भेट’ या नावाखाली जे विकले, त्यात सराव जवळून पाहणे, खेळाडूंशी गप्पा आणि स्वाक्षरीचा चेंडू एवढे कबूल केले होते. प्रत्यक्षात हाती पडले ते एक साधे तिकीट, एक हॉटडॉगचे कूपन आणि ज्यावरच्या सगळ्या सह्या एकाच ठशाने छापलेल्या आहेत असा एक गुळगुळीत चेंडू. सराव पाहायला मिळाला खरा, पण तो फाटकातून आत आलेल्या प्रत्येकालाच दिसत होता. गप्पांबद्दल मी विचारले तेव्हा रांगा लावून देणाऱ्या आजीबाईंनी माझ्या हातातला कागद उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे सांगितले, “हे आमचे नाही. तुम्ही त्या कठड्यापाशी जाऊन उभे राहा, पोरे येतात.” पोरे आली, आणि तीही फुकट.

हे घडले पेनसिल्व्हेनियातल्या मूसिक येथे, स्क्रँटन/विल्क्स-बॅरी रेलरायडर्स या संघाच्या मैदानावर. हा न्यूयॉर्क यांकीज या मेजर लीग संघाचा ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीवरचा, संघ आहे. यांकीजच्या भक्ताला या जागेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. २००७ पासून यांकीजची पोरे वर जाण्याआधी शेवटची पायरी इथेच चढतात, आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला पदार्पण करण्यापूर्वी यांकीजचा तारा ॲरन जज याच संघातून खेळत होता. मैदान देखणे आहे. मैदानाभोवती पूर्ण फेरी मारता येते आणि मागे डोंगराचा उघडा कातळ दिसतो. त्याच्या नूतनीकरणासाठी २०१२ चा संपूर्ण हंगाम या संघाने घराबाहेर काढला होता. मैदानाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती तिथून परत येण्याबद्दल.

संघाच्या नावात स्क्रँटन आहे म्हणून मैदान स्क्रँटन गावात असेल असे मी धरून चाललो होतो. चर्चगेटला उतरून वानखेडेवर चालत जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात हाच नकाशा बसलेला असतो. म्हणून गाडी न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरी ठेवली, न्यूयॉर्कहून बस पकडली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन स्क्रँटनला उतरलो. मैदान मात्र गावापासून बरेच लांब, माँटेज डोंगराच्या चढावर, हमरस्त्याच्या पलीकडे आहे. जाताना टॅक्सी सहज मिळाली. रात्री सामना संपल्यावर फोनवर चाळीस मिनिटे एक गाडी ‘येत आहे’ असे दाखवले गेले, मग ती रद्द झाली, आणि पुढच्या गाडीचे भाडे पहिल्याच्या तिप्पट निघाले. रागाच्या भरात मी दोन मैलांवरच्या मोटेलकडे चालायला लागलो. मी चाललो त्या बाजूला फुटपाथ नव्हता. खडीवरून पाय घसरत होते आणि उतारावरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे थेट डोळ्यांत जात होते. अंगात पांढरी जर्सी होती म्हणून मी दिसत तरी होतो. पायांत चांगले बूट होते, चालण्याची सवयही आहे, दिवसा तो उतार किरकोळ वाटला असता. पण रात्री तिथून कुणीही चालू नये. स्वतःची किंवा भाड्याची गाडी नेता येत नसेल तर मूसिकला जाऊच नका, असेच मी सांगेन. २०२२ पासून सर्व मायनर लीगमध्ये पिच क्लॉक (चेंडू टाकण्यासाठी वेळेची मर्यादा) आल्याने सामने पूर्वीसारखे लांबत नाहीत, तेव्हा परतीची गाडी आधीच ठरवून ठेवणे शक्य असते. मी ठरवली नव्हती.

आता भेटीविषयी. फाटक उघडताच आत शिरावे, खाण्याच्या रांगेत वेळ घालवू नये आणि डगआउटच्या (खेळाडूंच्या बसण्याच्या जागेच्या) टोकाला, जिथे कठडा बुटका होतो तिथे उभे राहावे. पाहुण्या संघाच्या बाजूला गर्दी निम्मी असते. खेळाडू सराव संपवून परतताना थांबतात, त्या वेळी त्यांना आकड्याने हाक मारू नये. यादी पाहून नाव पाठ करून जावे. त्या दिवशी सुरुवात करणाऱ्या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) मात्र अजिबात हाक मारू नये. चेंडूवर सहीसाठी साधे निळे बॉलपेन न्यावे, कारण मार्करची शाई कातड्यात पसरते. मार्कर कार्डांसाठी ठेवावा. दुखापतीतून सावरणारा मेजर लीगचा तारा खेळणार असेल तो दिवस टाळावा, कारण तेव्हा कठड्यावर जाड फायली घेतलेले सह्यांचे व्यापारी कोपराने जागा मिळवतात आणि लहान मुले मागे ढकलली जातात.

दुसऱ्या दिवशी मी पाहुण्यांच्या बाजूला उभा होतो. एक दोमिनिकन रिलीफ पिचर (सामन्याच्या मध्यात बदली येणारा) आला. त्याच्या मधल्या बोटाच्या टोकाला पिवळट घट्टा पडला होता, आणि सही करताना तो पेन त्या घट्ट्यापासून जपून, तिरके धरत होता. मी क्रिकेट खेळलेलो आहे हे कळल्यावर त्याने चेंडू माझ्याच हातात दिला आणि लेगस्पिनची पकड दाखवायला सांगितली. बेसबॉलची १०८ टाक्यांची शिवण वळसे घेत जाते, त्यामुळे माझी बोटे कुठे ठेवावी तेच मला कळेना. क्रिकेटच्या चेंडूला शिवण मधोमध सरळ असते आणि ती जमिनीवर आपटायची असते, असे मी सांगितले. “जमिनीवर? मुद्दाम?” असे म्हणून तो इतका मोठ्याने हसला की त्याच्या कॅचरने वळून पाहिले. मग त्याने आपली चेंजअपची, म्हणजे फसव्या हळू चेंडूची, पकड दाखवली. अंगठा आणि तर्जनी मिळून चेंडूच्या कडेला एक वर्तुळ होते आणि सगळा भार उरलेल्या बोटांवर येतो. जेमतेम तीन मिनिटे. ९५ डॉलरांचे दुःख तिथेच संपले, आणि हे सगळे लिहिताना माझा तोल थोडा त्याच्या बाजूला झुकलेला आहे, हे वाचकाने लक्षात घ्यावे.

तरीही माझे मत असे की गप्पा मारायच्या असतील तर ट्रिपल-ए नको, त्याच्या खालची पायरी डबल-ए बघा. ट्रिपल-एमध्ये अनेक जण मेजर लीगला जाऊन परत पाठवलेले असतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसते. २०२३ च्या करारानुसार ट्रिपल-एचे किमान वार्षिक वेतन ३५,८०० डॉलर झाले, तर एक पायरी वर, मेजर लीगमध्ये, २०२४ चे किमान वेतन ७,४०,००० डॉलर होते. या दोन आकड्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या तिशीतल्या माणसाला सेल्फी मागताना जरा विचार करावा. डबल-एची पोरे बावीस-तेवीसची, अजून हौशी. आपला चेहरा पाहून कुणी रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांची आठवण काढली तर उत्तर तयार ठेवा: २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीग संघाने करारबद्ध केलेले ते दोघे भालाफेकपटू उत्तर प्रदेशचे, आणि मेजर लीगपर्यंत त्यांच्यापैकी कुणीही पोचले नाही.

ॲलनटाउनच्या आयर्नपिग्ज या दुसऱ्या ट्रिपल-ए संघाचे मैदान मी त्याच आठवड्यात जोडणार होतो, आणि इथे दुसरी चूक झाली. २०२१ पासून बहुतेक मालिका मंगळवार ते रविवार, सहा दिवस एकाच प्रतिस्पर्ध्याशी होतात. संघ बाहेरगावी गेला की तो पूर्ण आठवडा गेलाच. आयर्नपिग्ज बाहेर होते. न्यू जर्सीतल्या ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्स या डबल-ए संघाचा सामना रेल्वेने जाऊन पाहिला. स्टेशन मैदानाला लागूनच आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखे काही घडले नाही.

सोमवारी सहसा सामना नसतो, म्हणून परतीची बस सोमवारची घ्यावी. मी रविवारची घेतली होती आणि आठव्या इनिंगला, दोन धावांनी मागे असताना, उठावे लागले.