जाळ्यात पडल्यापासूनचे सेकंद

इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात, थेटफर्ड गावाच्या परिसरात, मी पशुवैद्यक म्हणून काम करतो. गायी-मेंढ्या, घोडे आणि घरोघरची कुत्री-मांजरे हे आमचे रोजचे रुग्ण आहेत. रानससा आमच्याकडे क्वचितच येतो, आणि आला तर तो बहुधा मिक्सोमॅटोसिस या सशांच्या विषाणुजन्य रोगाने पापण्या सुजून आंधळा झालेला व रस्त्याच्या कडेला कोणाला तरी सापडलेला असतो. म्हणून एका जानेवारीत जवळच्या मोठ्या शेतजमिनीच्या व्यवस्थापकांनी ‘एक दिवस ससे मारताना पाहा आणि अहवाल द्या’ असे सांगितले, तेव्हा मला थोडे नवल वाटले. त्यांच्या बांधावर फेरेट आणि जाळी लावून ससे पकडण्याचे काम चालू होते, म्हणजे बिळात फेरेट हा छोटा पाळीव शिकारी प्राणी सोडायचा आणि घाबरून बाहेर पळणारा ससा तोंडावरच्या जाळ्यात धरायचा. पायवाटेने फिरायला निघालेल्या एका बाईंनी ते पाहिले होते. मान मोडल्यानंतरही ससा कितीतरी वेळ लाथा झाडत होता, म्हणजे त्याचे हाल करण्यात आले, अशी त्यांची लेखी तक्रार होती.

हा सगळा मुलूख वाळूचा आणि गारगोट्यांचा असून सशांना बिळे खोदायला फार सोयीचा आहे. नॉर्मन लोकांनी मांसासाठी व कातड्यासाठी आणलेला ससा मध्ययुगात इथे राखणीत वाढवला जात असे. थेटफर्डच्या मठाच्या प्रमुखाने सुमारे १४०० साली सशांची राखण करणाऱ्यासाठी बांधलेली गढीसारखी दगडी इमारत अजून जंगलाच्या कडेला उभी आहे. पुढे हा प्राणी राखणीबाहेर पसरला आणि पिकाचा शत्रू ठरला. १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस आला आणि त्याने देशातले बहुतेक ससे मारले. तरीही १९५४ च्या कायद्याने जमीन कसणाऱ्यावर सशांना आवर घालण्याची जबाबदारी टाकली, आणि ती आजही आहे. गंमत अशी, की शेजारच्याच माळरानावर निसर्गरक्षणाचे काम करणाऱ्यांना ससे हवे असतात, कारण सशांनी गवत खुरटे ठेवले तरच तिथली दुर्मीळ झाडे आणि पक्षी टिकतात. आमच्या शेतात मात्र बार्लीची कडेची पट्टी दाढी केल्यासारखी साफ झालेली होती.

काम करणारे गृहस्थ सत्तरीच्या आसपासचे होते. मी त्यांना मनातल्या मनात काका म्हणत होतो. त्यांच्याबरोबर नव्याने शिकणारा एक मुलगा होता आणि लाकडी पेटीत तीन फेरेट माद्या होत्या. फेरेट दिसायला मुंगसासारखा असला तरी कुळाने तो पाणमांजराचा भाऊबंद आहे. मादी नरापेक्षा लहान असल्याने बिळात सहज फिरते, म्हणून या कामात तिलाच पसंती असते. काकांनी प्रत्येकीच्या गळ्यात रेडिओ पट्टा बांधला होता, म्हणजे ती जमिनीखाली अडकली तर वरून यंत्र फिरवून तिची जागा आणि खोली कळते. आपल्याकडे भारतातल्या रानसशाला बीळ नसते, तो झुडपाच्या आडोशाला बसतो, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याची शिकार बंद आहे. त्यामुळे जाळे म्हटले की मला धनगरांची मेंढ्या कोंडायची वाघर तेवढी आठवते. इथले जाळे हातभर रुंदीचे, दोन कड्यांचे आणि कडेने दोरी ओवलेले असते. ते बिळाच्या तोंडावर पसरायचे आणि दोरी खुंटीला बांधायची. ससा वेगाने बाहेर आला की त्याच्याच धक्क्याने थैलीचे तोंड आवळले जाते. सदतीस बिळांवर जाळी लागेपर्यंत आम्ही तिघे खाणाखुणांनीच बोलत होतो, कारण वरची पावले आणि आवाज सशाला खाली कळतात आणि मग तो बाहेर निघायला तयार होत नाही.

माझ्या हातात घड्याळ होते. बिळात असलेला ससा हा रानटी प्राणी असतो. पण जाळे आवळले गेल्याच्या क्षणापासून तो तात्पुरता का होईना माणसाच्या ताब्यात येतो, आणि मग २००६ चा प्राणी कल्याण कायदा त्याला लागू होतो. म्हणून मी तक्त्यात एकच आकडा टिपायचे ठरवले होते, तो म्हणजे जाळे आवळल्यापासून मृत्यूपर्यंतचे सेकंद. तक्रारीत लाथांचा उल्लेख होता, या सेकंदांचा नव्हता.

पहिला ससा निघाला आणि काका त्यांच्या वयाला न शोभेल अशा चपळाईने गुडघ्यावर आले. एक बूट त्यांनी बिळाच्या तोंडावर ठेवला, म्हणजे मागून दुसरा ससा निसटणार नाही, आणि जाळे सोडवत न बसता जाळ्यातच सशाला धरले. डाव्या हातात मागचे पाय, उजव्या हाताची बोटे हनुवटीखाली आणि तळवा कानांच्या मागे. मग एकाच हिसक्यात ताण देत त्यांनी डोके मागे वळवले. नऊ सेकंद झाले होते. ससा लगेच लाथा झाडू लागला, आणि त्या बाईंनी काय पाहिले असेल ते मला समजले. मी बुबुळाला बोट लावले. पापणी हलली नाही. श्वास थांबला होता. कवटी आणि पहिला मणका यांच्यामध्ये बोट बसेल एवढी फट लागली. मेंदूचा संबंध तुटल्यावर मज्जारज्जू आपल्या आपण स्नायूंना हलवत राहतो आणि त्या हालचाली काही वेळ चालतात. ज्याला वेदना व्हायची तो तोवर तिथे नसतो. मात्र ही फट कवटीच्या अगदी खालीच असायला हवी. मान मध्यावर तुटली तर मेंदूकडचे रक्त आणि श्वास थांबायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ प्राण्याला कळत असण्याची शक्यता उरते.

पाचवा ससा त्या मुलाच्या बाजूला निघाला. त्याने आधी जाळे सोडवायला घेतले. ससा किंचाळला. ते किंचाळणे ज्याने ऐकले आहे त्याला ते लहान मुलाच्या रडण्यासारखे का वाटते हे वेगळे सांगावे लागत नाही. पहिला हिसका अर्धवट बसला आणि दुसरा द्यावा लागला. एकेचाळीस सेकंद झाले. काका जागेवरून हलले नाहीत, कारण त्यांच्या पायाखाली दुसरे बीळ होते. काम झाल्यावर मात्र त्यांनी मुलाजवळ जाऊन त्याच्या हातातून ससा घेतला आणि हलक्या आवाजात सांगितले, “आजपासून मेलेल्यांवर सराव करा, जिवंतांवर नाही.”

सातव्या सशाच्या वेळी एक फेरेट वर आलीच नाही. यंत्राने अडीच फूट खोली दाखवली. आम्ही खणले तेव्हा बंद टोकाशी कोंडलेला ससा सापडला. त्याच्या मागच्या भागावरचे केस ओरबाडून गेले होते, मानेवर दातांच्या खुणा होत्या आणि तो मेलेला होता. त्याला किती वेळ लागला हे मोजायला माझे घड्याळ खाली नव्हते. त्या दिवशी माझ्या मते सर्वांत वाईट मरण त्याला आले, आणि ते पायवाटेवरून कोणालाही दिसणार नव्हते.

दुपारी, फेरेट दुसऱ्या बाजूने सोडल्यावर, दोन ससे एकदम निघाले, एक काकांच्या पायाशी आणि एक माझ्यापासून दोन हातांवर. मी या व्यवसायात शेकडो प्राण्यांना झोपवले आहे, पण नेहमी इंजेक्शनने. ते औषध इथे वापरता येत नाही, कारण मांस खाण्याच्या कामाचे राहत नाही आणि शव कोल्ह्याने किंवा गरुडासारख्या पक्ष्याने खाल्ले तर तेही मरू शकतात. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिले. मी गुडघ्यावर बसलो, बूट बिळावर ठेवला आणि जाळ्यातूनच त्याला धरले. तो अंदाजे दीड किलोचा, उबदार आणि अगदी निपचित होता. घाबरलेला ससा धडपडतोच असे नाही, तो गोठून जातो. सशाच्या मानेत इतका जोर लागत नाही, अडसर असतो तो आपल्या हाताच्या संकोचाचा. अर्धवट हिसका म्हणजे काय हे सकाळीच पाहिले होते, म्हणून मी संकोच केला नाही. बोटाला फट लागली.

संध्याकाळी दवाखान्यात मी अकराही सशांच्या माना उघडून पाहिल्या. खालून काढलेला सोडला तर दहापैकी नऊ माना कवटीच्या लगतच निखळल्या होत्या. मुलाच्या सशाची मान तिसऱ्या मणक्यापाशी तुटलेली होती. अहवालात मी लाथांचे कारण लिहिले, जाळे सोडवण्याआधी मारावे असे लिहिले, नवशिक्याने कोणाच्या देखरेखीखाली काय करावे ते लिहिले, आणि एकेचाळीसचा आकडाही ठेवला. तो वगळता येईल का, अशी व्यवस्थापकांनी फोनवर विचारणा केली. मी नकार दिला. काकांनी प्रत वाचून फक्त एवढेच म्हटले, “ते पान त्या पोराला द्या.”

मग व्यवस्थापकांनी आणखी एक विचारले, की नवव्या ओळीतली सेकंदांची जागा रिकामी का आहे. तो माझा ससा होता. घड्याळ खिशातच राहिले होते.