आमची वाटचाल : कांद्याचं उळं, पावसाळा आणि प्रायमिंग

चांदवड तालुक्यात कांदा न लावणारा शेतकरी शोधावा लागतो. घरचं उळं, म्हणजे कांद्याचं बी, धरणारा शेतकरीही आता शोधावाच लागतो. आमच्या लहानपणी असं नव्हतं. चाळीतले एकसारखे, मध्यम आकाराचे, एका डोळ्याचे कांदे बाजूला काढायचे, दिवाळीच्या आगेमागे लावायचे. डोंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, उभे राहून गोंडे पिकले की एप्रिल-मेमध्ये तोडायचे, वाळवून झोडपायचे, उफणायचे. जे काळं बी हाती लागेल ते राख घालून गाडग्यात. नाना हे बी सोयऱ्याधायऱ्यांना द्यायचे. सोयऱ्यांचे सोयरे मागायला लागले तेव्हा मी परवाना काढला, गावाबाहेर पत्र्याचं शेड टाकलं आणि बियाण्याची फर्म सुरू झाली.

फर्म म्हणजे काय, तर घरची माणसं, निवडणीला येणाऱ्या गावातल्या मावश्या, बीजोत्पादन करून देणारे ओळखीचे शेतकरी आणि हलकं-जड बी वेगळं करणारं यंत्र, ग्रॅव्हिटी सेपरेटर. प्रमाणित बियाण्यासाठी दोन जातींच्या डोंगळ्यांत 500 मीटर अंतर लागतं. मधमाशी काही बांध बघून उडत नाही, त्यामुळे दर हंगामात निम्मी दगदग शेजारच्या शेतकऱ्याला समजावण्यातच जाते. पण तो वेगळा विषय.

आमच्या धंद्याची खरी अडचण पंचांगातच आहे. बी मे महिन्यात तयार होतं आणि रब्बीचं रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकलं जातं. मधे अख्खा पावसाळा. आणि कांद्याचं बी भाजीपाल्यातल्या सगळ्यात अल्पायुषी बियांपैकी एक. उघड्यावर ठेवलं तर वर्षभरात त्याची उगवण कोसळते. बियाणं साठवणारे एक जुना ठोकताळा वापरतात: खोलीचं तापमान फॅरनहाइटमध्ये घ्या, त्यात हवेतली आर्द्रता टक्क्यांत मिळवा, बेरीज शंभराच्या आत हवी. जुलैमध्ये आमच्या शेडात 80 अंश आणि 85 टक्के, म्हणजे 165. सहा टक्के ओलाव्यापर्यंत सुकवलेलं बी अशा हवेत गोणपाटात राहिलं तर काही आठवड्यांत त्याचा ओलावा जवळजवळ दुप्पट होतो. बी मग आतल्या आत श्वास घेत राहतं, साठा जाळतं, पेशींची आवरणं फाटत जातात. बाहेरून मात्र तेच काळंभोर, टणक बी.

हॅरिंग्टन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाचा नियम मी शेडाच्या भिंतीवर रंगवून घेतला आहे. बियातला ओलावा एक टक्क्यानं उतरवला की आयुष्य दुप्पट; साठवणीचं तापमान पाच अंश सेल्सिअसनं उतरवलं की पुन्हा दुप्पट. ओलाव्याचा नियम साधारण 5 ते 14 टक्क्यांच्या दरम्यानच लागू पडतो, पण आम्हाला तेवढा पुरे. सुरुवातीची सगळी कमाई आम्ही या एका ओळीवर खर्च केली. आधी ओलावामापक, मग कोरड्या हवेचा ड्रायर, मग तीन पदरी अॅल्युमिनियम फॉइलची पाकिटं. साध्या पॉलिथिनमधून पाण्याची वाफ हळूहळू आत शिरतेच. कायद्यानंही फरक केला आहे: साध्या पाकिटातल्या कांदा बियाण्याला 8 टक्के ओलावा चालतो, हवाबंद पाकिटात 6 टक्क्यांच्या वर चालत नाही. उगवण दोन्हीकडे किमान 70 टक्के. फॉइलचा नियम कडक का, हे नव्या माणसाला चटकन कळत नाही. दमट बी फॉइलमध्ये कोंडलं तर त्याला ओलावा टाकायला जागाच उरत नाही. त्यापेक्षा ते कापडी पिशवीत बरं.

आणखी एक गोष्ट नवे लोक हमखास विचारतात: बटाट्याच्या शीतगृहात एक कोपरा भाड्यानं का घेत नाही? तिथं थंडी आहे, पण बटाटा सुरकुतू नये म्हणून हवा मुद्दाम ओली ठेवलेली असते. उघडं बी तिथं ठेवणं म्हणजे थंड पाण्यात ठेवण्यासारखंच. आम्ही शेवटी शेडातच छोटी खोली बांधली, यंत्रानं हवा कोरडी करतो. वीज गेली की जीव वर-खाली होतो, म्हणून छतावर सोलर.

प्रायमिंगकडे, म्हणजे पेरणीआधी बियाला मोजकं पाणी पाजून परत वाळवण्याकडे, आम्ही वळलो ते 2020 नंतर. त्या वर्षी सप्टेंबरच्या पावसानं जिल्ह्यातली रोपं वाफ्यातच सडली, बियाण्याला सोन्याचा भाव आला, ऑक्टोबरअखेर केंद्र सरकारनं कांदा बियाण्याची निर्यात बंद केली. एकेका बियाची किंमत शेतकऱ्याला तेव्हा कळली. किलोभर उळ्यात तीन लाखांच्या आसपास बिया असतात. त्यातल्या किती उगवतात याइतकंच, किती एकाच वेळी उगवतात याला महत्त्व आहे. रोप मागेपुढे उगवलं की उपटणी दोनदा, लावणी दोनदा, आणि मजूर तर एकदासुद्धा वेळेवर मिळत नाही.

बी पाणी पिताना तीन टप्प्यांतून जातं. आधी भराभर शोषतं, मग थांबतं, मग मूळ बाहेर येतं. मधल्या थांब्यात वरून काही दिसत नाही, पण आत झिजलेल्या आवरणांची, गुणसूत्रांची दुरुस्ती चालू असते. प्रायमिंग म्हणजे बियाला या मधल्या टप्प्यात हवा तेवढा वेळ अडवून धरायचं आणि मूळ फुटण्याआधी पुन्हा वाळवायचं. नंतर वाफ्यात पडलं की ते झटपट आणि एकदमच उगवतं. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या हायडेकर यांनी 1973 मध्ये पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या द्रावणात कांद्याचं बी ठेवून हे दाखवलं. त्याचे मोठे रेणू बियात शिरत नाहीत, पण पाणी धरून ठेवतात, त्यामुळे बियाला मोजकंच पाणी मिळतं.

आम्हीही तिथूनच सुरुवात केली आणि लवकरच सोडून दिलं. ते द्रावण मधासारखं दाट, त्यात प्राणवायू टिकत नाही, सतत हवा सोडावी लागते. कांद्याच्या बियाला तर प्राणवायू जास्तच लागतो. नंतर बी धुवायचं, आणि वापरलेलं द्रावण ओतायचं कुठं हा प्रश्न. आमच्या आकाराच्या फर्मला परवडला तो ड्रम. इंग्लंडमधल्याच वेल्सबर्नच्या संशोधन केंद्रात निघालेली ही पद्धत: बी फिरत्या ड्रममध्ये टाकायचं, ठरलेलं पाणी तुषारांनी थोडं थोडं सोडायचं, वजन बघत राहायचं. द्रावण नाही, सांडपाणी नाही. आमचा ड्रम मालेगावच्या एका फॅब्रिकेटरनं बनवून दिला. पाणी किती, हे मात्र प्रत्येक लॉटला नव्यानं काढावं लागतं. दोन शेतकऱ्यांचं एकाच जातीचं बीसुद्धा सारखं पाणी मागत नाही.

इथंच आमच्या धंद्याचा पेच आहे, आणि तो जाहिरातीत कोणी सांगत नाही. प्रायमिंगनं बी चपळ होतं, पण बहुतेक वेळा त्याचं आयुष्य घटतं. उगवणीच्या वाटेवर पुढं सरकलेलं बी वाळवून परत निजवलं, तरी कोरडं राहून तग धरण्याची त्याची ताकद उणावलेली असते. एकाच लॉटचे दोन भाग करून, एक प्राइम केलेला आणि एक साधा, आम्ही 41 अंश आणि जवळपास शंभर टक्के आर्द्रतेत 72 तास ठेवतो. जलद वार्धक्याची ही चाचणी प्रयोगशाळांत नेहमीची आहे. ताजेपणी प्राइम केलेला भाग दिमाखात पुढं असतो. चाचणीनंतर तो साध्या भागाच्या मागं पडलेला दिसतो. वाळवण सावकाश केली तर गेलेलं आयुष्य काही अंशी परत येतं, म्हणून ड्रममधून काढलेलं बी आम्ही गरम हवेवर घालत नाही. पण पूर्ण भरपाई होत नाही.

याच्या उलट भासणारी एक गोष्टही खरी आहे. कलकत्ता विद्यापीठात आर. एन. बसू आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की साठवणीत मध्यम वयाला आलेलं बी थोडा वेळ ओलं करून परत वाळवलं तर त्याचं पुढचं आयुष्य वाढतं. ताज्या, जोमदार बियाला त्याचा उपयोग नाही. फरक वेळेचा आहे: इथं दुरुस्तीपुरतंच पाणी द्यायचं, उगवणीच्या वाटेला लावायचं नाही. गेल्या हंगामातलं उरलेलं बी पुढं न्यायचं असेल तर आम्ही हे करतो, आणि नव्यानं उगवण तपासूनच त्याला हात लावतो. कांद्याची चाचणी 12 दिवसांची, 400 बियांची. घाई असली तरी आठव्या दिवशी अंदाजानं आकडा लिहायची पद्धत आमच्याकडे नाही.

दुकानदारांना हे पटवणं सगळ्यात अवघड गेलं. त्यांना नऊ महिने मुदतीचं पाकीट हवं, वर ‘प्राइम केलेलं’ असा छापही हवा. एका मोठ्या विक्रेत्यानं तर सगळ्याच पाकिटांवर तसं छापा म्हणून सांगितलं. भाव जास्त मिळेल. नाही म्हटल्यावर ऑर्डर गेली. त्या वर्षी आम्हाला ते जड गेलं, पण फळीवर पावसाळा काढणारं प्राइम केलेलं बी विकण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

लोक सोयाबीनचंही विचारतात. सोयाबीनचं बी पाण्यात भिजवू नका, एवढंच सांगतो. त्याचं साल पातळ. पाणी एकदम घुसलं की आतली आवरणं फाटतात आणि चांगलं बीही मरतं. तिथं हळुवार हाताळणी, थप्पी कमी उंचीची आणि पेरणीआधी घरी उगवण चाचणी. हरभऱ्याचं तसं नाही. रात्री आठेक तास भिजवा, वरचं पाणी सुकवा, त्याच दिवशी पेरा. त्याला कंपनीची गरज नाही आणि आमचीही नाही.

आता आमचं बी दोन प्रकारे जातं. बहुतेक माल साधा: सहा टक्क्यांच्या आत सुकवलेला, फॉइलमध्ये, दुकानांतून. प्राइम केलेला माल फक्त नोंदणीवर. शेतकऱ्यानं रोप टाकायची तारीख सांगायची, त्याच्या आधीच्या आठवड्यात त्याचं बी ड्रममध्ये जातं, वाळतं, वर ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीचा लेप चढतो. त्या बियाला रासायनिक बुरशीनाशक चोळू नका, हे पाकिटावर लाल अक्षरांत छापलं आहे, तरी फोनवर पुन्हा सांगावंच लागतं. रब्बीच्या उशिराच्या वाफ्यांना, रात्री गार पडायला लागल्यावर, याचा फायदा सगळ्यात ठळक दिसतो. वेळेवर टाकलेल्या रोपाला, चांगल्या गादीवाफ्यावर, साधं बीही पुरतं. अशा गिऱ्हाइकाला आम्ही जादा पैसे घालू नका असंच सांगतो.

पाऊस लांबला आणि वाफे तयार झाले नाहीत, तर पाकीट न फोडता परत आणायचं. बदली साधं बी मिळतं, फरकाचे पैसेही परत. परत आलेलं बी दुसऱ्याला विकत नाही. ते आमच्याच मळ्यात टाकतो, आणि त्याचं रोप गावातला ज्याला कमी पडेल तो घेऊन जातो.